अप्रतिभेचें भय

गेल्या पावसाळ्यांतील एका सायंकाळीं माझी एक जुनी विद्यार्थिनी घरीं आली. पांच वर्षें खपून लिहिलेल्या प्रबंधावर दुसरे दिवशीं सकाळीं अकरा वाजतां तिची मौखिक परीक्षा व्हावयाची होती. एरवीं मोकळेपणीं बोलणारी ही मुलगी त्या दिवशीं खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली होती, आणि पुढें ठेवलेला चहा निवून गेला तरी तिला त्याचें भान नव्हतें. "सर, सगळें वाचून झालें आहे," ती म्हणाली, "पण एखाद्या प्रश्नाचें उत्तर सुचलेंच नाहीं तर?" वडील माणसें अशा वेळीं जें सांगतात तें सर्व मीं तिला सांगितलें. बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल अनुकूल आल्यावांचून ही परीक्षा ठेवलीच जात नाहीं. तुझ्या विषयांत तुझ्याइतकें वाचलेलें दुसरें कोणी त्या खोलींत बहुधा असणार नाहीं. आज रात्रीं लवकर नीज. तिनें सर्व ऐकून घेतलें, मान हलविली, आणि जातांना उंबरठ्यावर थांबून पुन्हां तोच प्रश्न विचारला.

ती गेल्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलों. मीं सांगितलेलें कांहींच खोटें नव्हतें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणें आज आपल्या देशांत बाहेरच्या परीक्षकांचे लेखी अहवाल समाधानकारक असल्याखेरीज मौखिक परीक्षा होत नाहीं. म्हणजे उमेदवार त्या खोलींत पाऊल टाकतो, तेव्हां निम्म्याहून अधिक मजल त्यानें आधींच मारलेली असते. हें तिला माझ्याइतकेंच ठाऊक होतें. तरी भीति हालली नाहीं. जी भीति वस्तुस्थितीच्या ज्ञानानें शमत नाहीं, ती मुळांत वस्तुस्थितीविषयीं नसावी, असेंच अनुमान करावें लागतें. मग ती कशाविषयीं असते? आणि ती वाटण्यांत कांहीं दोष आहे काय?

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या भीतीचा कांहीं अंश सर्वस्वीं व्यावहारिक असतो. शिष्यवृत्ति संपलेली असते, नोकरीची जाहिरात पदवी मागत असते, घरच्या माणसांनीं वर्षानुवर्षें आपल्या गरजा पुढें ढकललेल्या असतात. अशा माणसाला यशापयश समान मानण्याचा उपदेश करणें म्हणजे भरल्या पोटीं उपाशी माणसाला उपवासाचें माहात्म्य सांगणें होय. ही काळजी तत्त्वज्ञानानें जाणारी नाहीं, आणि ती जावी असेंहि मी म्हणणार नाहीं. परंतु हा अंश वजा केला तरी बाकी उरतेच. ज्यांची नोकरी कायम झालेली आहे, या पदवीनें ज्यांना एक रुपयाहि अधिक मिळावयाचा नाहीं, असे प्रौढ गृहस्थहि त्या दाराशीं घाम पुसतांना मीं पाहिले आहेत. ही बाकी हाच खरा विचाराचा विषय.

एपिक्टेटस हा स्टोइक पंथाचा तत्त्ववेत्ता पूर्वायुष्यांत गुलाम होता. त्याच्या प्रवचनांत चिंतेवर एक प्रकरण आहे, व त्यांत त्यानें वाद्याच्या साथीवर गाणाऱ्या एका गवयाचा दाखला दिला आहे. हा गवई एकटा गातो तेव्हां त्याला कसलीहि भीति वाटत नाहीं. पण तोच प्रेक्षागृहांत आला कीं, आवाज कितीहि चांगला असला तरी, त्याला धडकी भरते. कारण त्याला नुसतें चांगलें गावयाचें नसतें, लोकांकडून वाहवाहि मिळवावयाची असते. गाणें त्याच्या हातांत आहे, वाहवा नाहीं. जें आपल्या हातीं नाहीं त्याची आपण इच्छा धरतों, तेथेंच चिंता जन्म घेते, हें त्याचें निदान.

निदान मार्मिक आहे खरें. परंतु आपल्या रोग्याला तें पुरतें लागू पडत नाहीं. गवई रानांत एकटाच गायिला तरी त्याचें गाणें गाणेंच राहतें. प्रबंधाचें तसें नाहीं. प्रबंध हें एक विधान आहे, आणि विधान हें स्वभावतःच दुसऱ्यानें तपासावें म्हणून केलेलें असतें. "परीक्षक काय म्हणतात याची मला पर्वा नाहीं," असें म्हणणारा संशोधक विरक्त नसतो, तो गर्विष्ठ असतो. तेव्हां दुसऱ्याच्या निर्णयाची पर्वा तर करावयाचीच, पण तिनें दडपून जावयाचें नाहीं, अशी ही दुहेरी अडचण आहे. आणि तिच्यावर एपिक्टेटसापेक्षां आपल्या नैयायिकांनीं अधिक विचार केलेला दिसतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प व वितंडा. आज मराठींत वाद म्हटला कीं भांडण डोळ्यांपुढें उभें राहतें. पण शास्त्रांत वाद म्हणजे तत्त्वनिर्णयासाठीं केलेली चर्चा, गुरूशीं, सहाध्यायाशीं किंवा असूया नसलेल्या कोणाहि जिज्ञासूशीं केलेली. जल्प हा जिंकण्यासाठीं. त्यांत शब्दच्छल आणि दिखाऊ आक्षेप यांनाहि मुभा असते. वितंडेंत तर स्वतःचा पक्षच मांडावयाचा नसतो, दुसऱ्याचा तेवढा मोडावयाचा. पुढें याच ग्रंथांत पराभवाचीं बावीस स्थानें मोजलीं आहेत. त्यांना निग्रहस्थानें म्हणतात. त्यांतील एकाचें नांव विक्षेप: "मला दुसरें काम आहे" अशी सबब सांगून चर्चेंतून काढता पाय घेणें. दुसऱ्याचें नांव अप्रतिभा: प्रश्न कळला आहे, पण उत्तर सुचत नाहीं. माझ्या विद्यार्थिनीनें उंबरठ्यावर उच्चारलेल्या भीतीला शास्त्रकारांनीं कित्येक शतकांपूर्वीं नांव देऊन ठेविलेलें आहे.

परंतु महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. हीं बावीसहि स्थानें सर्वत्र लागू नाहींत. न्यायभाष्य व त्यावरील उद्द्योतकराचें वार्तिक यांच्या परंपरेप्रमाणें वादांत फक्त आठच दाखवितां येतात: न्यून, अधिक, अपसिद्धान्त आणि पांच हेत्वाभास. म्हणजे प्रतिपादनांत कांहीं अवयव कमी पडला, कांहीं अनावश्यक शिरलें, स्वतःच्याच सिद्धान्ताविरुद्ध बोलणें झालें, किंवा हेतु सदोष निघाला, तर तें वादांत दाखवावें. अप्रतिभा या आठांत नाहीं. याचें कारण मला असें दिसतें, कीं जेथें सत्य शोधावयाचें आहे, तेथें एखादा माणूस घटकाभर निरुत्तर झाला एवढ्यानें सत्याविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. सदोष हेतु हा विधानाचा दोष आहे. उत्तर न सुचणें ही माणसाची अवस्था आहे. बृहदारण्यकांतील गार्गीला याज्ञवल्क्यानें अतिप्रश्न करूं नकोस म्हणून बजावलें, तेव्हां ती भरसभेंत गप्प बसली. आणि त्याच सभेंत पुन्हां उठून तिनें दोन प्रश्न विचारले. मधल्या मौनानें तिला कांहीं कमीपणा आला असें कोणीच म्हणत नाहीं.

आपल्या भीतीचें मूळ येथें सांपडतें. आपण वादाला निघालेलों असतों, पण मनानें जल्पाच्या आखाड्यांत उतरतों. तपासणी विधानाची व्हावयाची असते. आपल्याला वाटतें, ती आपलीच होणार आहे.

हा भेद व्यवहारांत कसा दिसतो, याचें एक उदाहरण आपल्या अगदीं जवळचें आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी. पदवीसाठीं सादर केला, तेव्हां परीक्षकांनीं तो आहे तसा न स्वीकारतां त्यांत फेरफार करावयास सांगितलें. ते करून बाबासाहेबांनीं तो पुन्हां सादर केला, आणि १९२३ सालीं तो मान्य होऊन ग्रंथरूपानें प्रसिद्धहि झाला. त्या ग्रंथाला त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांनीं प्रस्तावना लिहिली आहे. तींत कॅनन स्पष्ट सांगतात, कीं ग्रंथकाराचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला पटत नाहींत. आणि तरीहि त्याच्या विचारांतील ताजेपणाची ते मनमोकळी दाद देतात. मत पटलें नाहीं म्हणून प्रबंध पडला नाहीं, आणि प्रबंध मान्य केला म्हणून मत पटल्याचें सोंगहि कोणी केलें नाहीं. वाद म्हणतात तो हा.

यावर कोणी म्हणेल, सर्वच परीक्षक कॅनन नसतात. हें मला मान्य आहे. आपली विद्वत्ता मिरविण्यासाठीं प्रश्न विचारणारे, किंवा मार्गदर्शकाशीं असलेलें जुनें वैर उमेदवारावर काढणारे परीक्षक मींहि पाहिले आहेत. परंतु समोरचा जल्प करूं लागला म्हणून आपणहि तेंच करावें, असा नियम नाहीं. समोरच्याच्या हेतूचा मालक तो. आपल्या उत्तराचे मालक आपण. एपिक्टेटसाचें म्हणणें एवढ्यापुरतें अगदीं खरें आहे.

आतां जें सांगावयाचें आहे तें सांगणें मला सोपें नाहीं. सव्वीस वर्षांपूर्वीं माझी स्वतःची अशीच परीक्षा झाली. माझ्या प्रबंधांत एका जर्मन ग्रंथाचा आधार एके ठिकाणीं दिलेला होता. मूळ ग्रंथ मला मिळाला नव्हता. दुसऱ्या एका लेखकाच्या पुस्तकांतून तो उतारा मीं घेतला होता, आणि तसें नमूद करावयाचें राहून गेलें होतें, किंवा मीं राहूं दिलें होतें. परीक्षक वृद्ध व सौजन्यशील होते. त्यांनीं चष्मा काढून विचारलें, "हा ग्रंथ आपण स्वतः पाहिला आहे ना?" त्या क्षणीं माझ्या तोंडाला कोरड पडली. मीं मान हलविली. तोंडानें 'हो' म्हणण्याचेंहि धैर्य मला झालें नाहीं. ते प्रसन्नपणें हंसले व पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या सायंकाळीं आमच्या घरीं पेढे वांटले गेले.

पुढें बऱ्याच वर्षांनीं तो ग्रंथ माझ्या हातीं आला. उतारा अक्षरशः बरोबर होता. माझ्या असत्यानें कोणाचें नुकसान झालें नाहीं, शास्त्रांत चूक शिरली नाहीं, कोणी फसलें असेल तर केवळ एक भला माणूस, आणि तोहि आतां हयात नाहीं. मग बिघडलें काय? बिघडलें तें असें. मीं खरें सांगितलें असतें तरी बहुधा पदवी मिळालीच असती. त्यांनीं फार तर एक तळटीप दुरुस्त करावयास सांगितली असती. पण तें 'बहुधा' आतां कधींच 'निश्चित' होणार नाहीं. माझें खरें काम त्या खोलींत स्वतःच्या बळावर उभें राहिलें असतें कीं नाहीं, हें कळण्याची एकच वेळ होती. आणि ती मीं भीतीला देऊन टाकली.

म्हणून मला वाटतें, भीति वाटणें हा दोष नव्हे. हृदय धडधडतें, हात गार पडतात, ऐन वेळीं शब्द आठवत नाहीं. यांत नीतीचा कांहीं संबंध नाहीं. भीति काय करावयास सुचविते आणि आपण तिचें किती ऐकतों, तेथें नीतीचा प्रश्न सुरू होतो. अप्रतिभेच्या भयानें माणूस छलाचा आश्रय करतो: माहीत नाहीं तें माहीत असल्यासारखें दाखवितो, मोठमोठ्या शब्दांचा पडदा ओढतो, नाहींतर नुसती मान हलवितो. निरुत्तर होणें वादांत पराभव नव्हता. त्यांतून सुटण्यासाठीं जें केलें तो पराभव होता.

त्या रात्रीं मीं त्या मुलीला दूरध्वनि केला आणि ही हकीकत सांगितली. आजवर ती मीं घरांतहि कोणाजवळ बोललों नव्हतों. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिनें विचारलें, "मग आतां मी काय करूं, सर?" मी म्हणालों, "आपले जुने ग्रंथकार आधीं पूर्वपक्ष मांडीत, तसें कर. तुझ्या प्रबंधांतील सर्वांत दुबळीं तीन ठिकाणें स्वतःच्या हातानें एका कागदावर लिहून काढ, आणि प्रत्येकाखालीं लिही कीं एवढें मला माहीत आहे, याच्या पलीकडचें माहीत नाहीं. मग दिवा मालवून झोप."

परीक्षा खुली असल्यामुळें दुसरे दिवशीं मी मागच्या बांकावर जाऊन बसलों. तिचा प्रबंध जुन्या मराठी मासिकांवर होता. पाऊणएक तास प्रश्नोत्तरें ठीक चाललीं. मग परीक्षकबाईंनीं एका मासिकाचें नांव घेऊन विचारलें, "याचे पहिल्या चार वर्षांचे अंक आपण पाहिले आहेत कां?" माझ्या पोटांत गोळा आला. ती क्षणभर थांबली. "नाहीं," ती म्हणाली, "ते मला कोठेंच मिळाले नाहींत. त्यामुळें माझें विधान पुढच्या अंकांपुरतेंच धरावें." तिचा आवाज कांपत होता, भीति कांहीं गेली नव्हती. बाईंनीं "तशी टीप प्रबंधांत घाला" एवढें म्हणून कागदावर कांहीं टिपून घेतलें व पान उलटलें.

खोलींत दुसरें कांहींच झालें नाहीं. पंखा फिरत होता, कोणी तरी खोकलें, पुढचा प्रश्न आला. तें ठिकाण ओलांडावयास तिला अर्धें मिनिट लागलें. मला सव्वीस वर्षें लागलीं.