निर्दोष उगम आणि मधली वाट

शब्दात दोष शिरतो तो बोलणाऱ्याकडून, असं मीमांसक कुमारिल भट्टांचं म्हणणं. वेद अपौरुषेय, त्यांना बोलणाराच नाही, म्हणून तिथे दोषाला जागाच नाही. युक्तिवाद देखणा आहे, पण तो उगमापाशीच थांबतो. उगम आणि कान यांच्यामधल्या वाटेचं काय? याचा कस पाहायला उपग्रहाचा संदेश सोयीचा, कारण तिथला उगम खरोखरच जवळजवळ निर्दोष असतो. उपग्रह ठरलेल्या शक्तीने स्थिर लहरी पाठवत राहतो. तरीही चुंबकीय विषुववृत्ताच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात, त्यांतून वाट काढताना लहरी विस्कटून एकमेकींत मिसळतात, आणि जमिनीवरचा संकेत क्षणात उसळतो, क्षणात बुडतो. जीपीएसचं यंत्र कधीकधी उपग्रहाचा मागच गमावतं. दोन वारंवारता वापरून आयनांबरातला विलंब बराचसा वजा करता येतो, ही थरथर मात्र तशी वजा होत नाही.

उपग्रह आपणच घडवलेला, म्हणून थरथर त्याची नव्हे हे छातीठोक सांगता येतं. उगम आपल्या हातचा नसेल तेव्हा? १९४६ साली इंग्लंडमध्ये संशोधक जेम्स हे (Hey) आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हंस तारकासमूहाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींत चढउतार दिसले, आणि ते स्रोताचेच असावेत असं धरलं गेलं. नोंद खरी होती, अर्थ चुकला होता. १९५० पर्यंत केंब्रिज आणि जॉड्रेल बँक या एकमेकांपासून सुमारे २०० किलोमीटर दूर असलेल्या दोन केंद्रांवरून एकाच वेळी निरीक्षणं झाली, तेव्हा दोन्हीकडचे चढउतार जुळेनात. यंत्रं १०० मीटरवर ठेवली की मात्र जुळत. स्रोत एकच, म्हणजे फरक वाटेतला.

मीमांसक इथे अनवस्थेचा आक्षेप घेतील: पहिल्या ज्ञानाला दुसऱ्याचा आधार लागला, तर दुसऱ्याला तिसऱ्याचा, आणि याला अंत नाही. पण केंब्रिजचा साक्षीदार जॉड्रेल बँकेपेक्षा वरचढ नव्हता. दोघे सारखेच फसलेले होते. खात्रीच्या साक्षीदाराची गरज पडली नाही, त्यांची विसंगतीच बोलली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वेदांच्या वाटेची काळजी परंपरेने घेतलीच होती: पद, क्रम, जटा, घन हे पाठ त्यासाठीच. (स्मरणशक्तीवर उभारलेली इतकी काटेकोर तपासणी जगात क्वचितच सापडेल.) मात्र हे पाठ म्हणजे तेच शब्द वेगवेगळ्या रीतीने म्हणून ताडून पाहणं, दोन केंद्रांच्या नोंदी शेजारी ठेवण्यासारखंच. मीमांसक म्हणतील, पाठ प्रामाण्य देत नाहीत, फक्त दोष दूर ठेवतात. मान्य. पण दूर ठेवायला दोष आहे एवढं कबूल केल्यावर, बोलणारा नाही म्हणून दोषाला जागाच नाही, हा निष्कर्ष ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही.