न झिजलेली वस्तू

इंग्लंडात स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या मित्राचे गेल्या वर्षी पत्र आले. प्रकृतीची चौकशी झाली, तिकडच्या पावसाला नावे ठेवून झाली, आणि मग शेवटी एक प्रश्न होता. त्याच्यापाशी पोर्श ९११ ही शर्यतीच्या थाटाची मोटार आहे. ती नवी घेतल्याला बारा वर्षे झाली आणि या बारा वर्षांत ती जेमतेम १४,००० मैल धावली. तिचे सहाही स्पार्क प्लग कारखान्यातून आले तेच आहेत. मेकॅनिक म्हणतो, आता ते बदला. मित्र म्हणतो, झिजलेच नाहीत तर बदलावयाचे कशाला? "तुला मोटारीतलं काही कळत नाही," त्याने लिहिले होते, "म्हणूनच तुला विचारतो. मेकॅनिकला पैसे मिळायचे आहेत, मला वाचवायचे आहेत. तू तेवढा तिऱ्हाईत."

प्रश्न क्षुल्लक खरा. परंतु तो काही केल्या माझ्या मनातून जाईना. ज्याला मोटारीतले कळत नाही त्याने निदान विचारपूस करावी, म्हणून मी ती केली.

प्लगाचे काम एका वाक्यात सांगता येते: दोन धातूंच्या टोकांमधल्या मिलिमीटरभर फटीत ठिणगी पाडावयाची आणि कोंडलेले इंधन पेटवावयाचे. १९०२ साली बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला. तेव्हापासून धातू बदलले, निकेलच्या जागी प्लॅटिनम आणि इरिडियम आले. पण ठिणगी तीच राहिली. प्रत्येक ठिणगीबरोबर टोकाचा कण-कण उडतो, फट रुंदावते, आणि एक दिवस ठिणगी चुकू लागते. चार टप्प्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी पडते. मित्राची मोटार ताशी सरासरी ३५ मैलांनी धावली असे धरले, तर १४,००० मैलांचे ४०० तास होतात. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्या घेत होते असे मानले, तर एकेका प्लगाने सुमारे तीन कोटी ठिणग्या पाडल्या. आकडा ऐकून छाती दडपते; परंतु प्लगाच्या आयुष्यात तो फार नव्हे. या हिशेबाने मित्राचा पक्ष बरोबर ठरतो.

पण हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडून पाहावा. बारा वर्षांचे तास होतात एक लाख पाच हजार. त्यांतले चारशे तास मोटार चालली. उरलेले एक लाख चार हजार सहाशे तास ती काय करीत होती? "काहीच नाही," असे आपण चटकन म्हणतो. आपली चूक होते ती इथेच.

प्लगाचे अंग पोलादाचे असते आणि तो ज्या सिलिंडर हेडमध्ये आट्यांनी बसवलेला असतो ते ॲल्युमिनियमचे. दोन भिन्न धातू, मधून मधून मिळणारी ऊब आणि इंग्लंडातला दमटपणा. उभ्या गाडीतही ते आटे हळूहळू एकमेकांना धरू लागतात. फार वर्षे गेली तर प्लग निघता निघत नाही, आणि जोर करावा तर हेडमधले आटेच सोबत घेऊन बाहेर येतो. दुसरी गोष्ट काजळीची. प्लगाचे टोक सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापले म्हणजे त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. मोटार रोज लांब पल्ल्याला जात असेल तर प्लग स्वतःला स्वच्छ राखतो. ती महिन्यातून एकदा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परतत असेल तर टोक पुरते तापतच नाही, आणि काजळीवर काजळी बसत जाते. म्हणजे कामाने जे झिजते त्याला कामच निर्मळ ठेवते. पोर्शच्या अनेक गाड्यांच्या वेळापत्रकात प्लगांना मैलांच्या जोडीला चार वर्षांचीही मर्यादा घातलेली आहे, ती निव्वळ धंदा वाढविण्यासाठी नव्हे.

मग मेकॅनिक बरोबर म्हणावयाचा का? तेही मला एकदम म्हणवेना. मी ज्या घरात वाढलो त्या घरात चांगली वस्तू टाकणे हे पाप समजले जाई. दोराचा तुकडासुद्धा गुंडाळून फळीवर ठेवला जाई. त्या संस्काराला मी अजून हसू शकत नाही. पुस्तकात चार वर्षे छापली आहेत म्हणून न पाहताच धडधाकट वस्तू फेकून देणे ही दक्षता नव्हे. ती भीतीही असू शकते, किंवा विचार करण्याचा कंटाळाही. पुस्तक लिहिणाऱ्याने ही गाडी पाहिलेली नाही. त्याने सगळ्या गाड्यांसाठी एक नियम केला, आणि नियमाला सगळ्यांसाठी सारखे असावेच लागते.

तेव्हा न्याय एकच उरतो: प्लग काढून पाहावा. टोक फिक्या तपकिरी रंगाचे असेल तर आत सारे ठीक आहे; काळे-कोरडे असेल तर काजळी; तेलकट असेल तर दुखणे निराळे. फट मोजता येते. पण या न्यायातही एक मेख आहे. ९११ चे इंजिन मागच्या बाजूला असते आणि सिलिंडर आडवे, तीन इकडे नि तीन तिकडे. प्लगापर्यंत हात पोहोचविण्यासाठीच निम्मा दिवस मोडतो. पाहावयाला जेवढी मजुरी, जवळजवळ तेवढीच बदलावयाला. आणि म्हणूनच माणूस पाहत नाही. एक जण नियमावर हवाला ठेवून बदलून टाकतो, दुसरा मैलांच्या आकड्यावर हवाला ठेवून तसेच राहू देतो. दोघांनाही आत डोकावण्याचे कष्ट नको असतात. काटकसर आणि निष्काळजीपणा बाहेरून किती सारखे दिसतात, हे मला त्या वेळी जाणवले.

मी मित्राला एवढेच लिहिले: "बदलू नको म्हणत नाही, बदल म्हणत नाही. काढून पाहा. आणि एक सांग, गाडी इतकी कमी का चालली?"

महिन्याने उत्तर आले. इंजिन पुरते थंड असताना मेकॅनिकने प्लग काढावयास घेतले. चार सरळ निघाले. दोन अडून बसले. तेल सोडून, थोडे पुढे थोडे मागे करीत, धीराने काढावे लागले. सहाही काळेकुट्ट होते. फट मात्र मोजली तर जवळजवळ नव्यासारखी. "म्हणजे आम्ही दोघेही खरे ठरलो," त्याने लिहिले होते. प्लग झिजले नव्हते, आणि चांगलेही राहिले नव्हते. इतकी मजुरी दिल्यावर तेच पुन्हा बसविण्यात अर्थ नव्हता, म्हणून नवे घातले.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पत्राच्या शेवटी होते. गाडी घेतली तेव्हा दोघांनी स्कॉटलंडच्या डोंगरांतून हिंडावयाचे ठरविले होते. पण कधी पाऊस असे, कधी रस्त्यावर मीठ टाकलेले असे. शिवाय मैल कमी असलेल्या गाडीला पुढे किंमत अधिक येते, हेही मनात होतेच. "आता आम्ही मोकळे आहोत," त्याने लिहिले होते, "पण ही गाडी फार बुटकी. हिचे गुडघे धरलेत. आत बसता येतं, बाहेर निघता येत नाही."

ते वाचून मला माझ्या आईच्या ट्रंकेतला शालू आठवला. तो ठेवणीतला म्हणून कधी नेसला गेला नाही, आणि एका लग्नासाठी उलगडला तेव्हा घडीघडीवर विरलेला निघाला. वापराने वस्तू झिजते हे आपल्याला दिसते, म्हणून आपण वापर राखून ठेवतो. नुसत्या दिवसांनी काय जाते ते दाखविणारा काटा गाडीत नसतो, ट्रंकेत नसतो आणि माणसाच्या अंगातही नसतो. वहिनींचे गुडघे मैल मोजीत बसले नव्हते. त्यांनी वर्षे मोजली होती.

परवा त्याचे पुन्हा पत्र आले. गाडीच्या दाराशी ठेवावयाला त्याने एक लहानसे पक्के स्टूल करून घेतले आहे. हात धरून वहिनींना उतरविता येते, वेळ मात्र लागतो. दर रविवारी ते दोघे तासभर तरी लांब जातात, इंजिन चांगले तापेपर्यंत. स्कॉटलंडचे अजून ठरलेले नाही. गाडीची किंमत मैलागणिक उतरते आहे, असेही त्याने लिहिले आहे. पण ते तक्रारीच्या सुरात नाही.