उलट्या बाजूने लिहिलेली अक्षरे



यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय हाका मारत होता आणि लोक त्याला गप्प करीत होते. प्रभू येशू मात्र थांबला. त्याने भीक घातली नाही. तुला काय हवे, असे विचारले.

फ्रान्समधील लुई ब्रेलचा जन्म १८०९ सालचा. वडील घोड्यांचे खोगीर बनवीत. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या दुकानात टोकदार हत्यार डोळ्याला लागले आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत उठावाची मोठी अक्षरे बोटांनी वाचता येत; पण मुलांना स्वतः सहज लिहिता येत नसे. बार्बिए या सेनाधिकाऱ्याच्या बारा टिंबांच्या लिपीवरून लुईने १८२४ साली, पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी तयार केली. चौकटींची पाटी आणि चांभाराच्या आरीसारखी लेखणी, एवढेच साहित्य. तसल्याच टोकाने त्याची दृष्टी गेली होती! हा लुई कॅथलिक होता. पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवी.

आपल्या महाराष्ट्रात १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईत दृष्टिहीन मुलांसाठी शाळा काढली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ आली.

या पाटीवर उजवीकडून डावीकडे लिहितात. लिहिताना कागदाला नुसते खड्डे पडतात. कागद उलटला की तेच खड्डे उंचवटे होतात आणि शब्द वाचता येतो. आपल्या आयुष्यातील कित्येक खड्डे आपण अजून या बाजूनेच पाहत आहोत.

आता माझी कबुली. सर्व संवेदनांचा पाया स्पर्श, हे अ‍ॅरिस्टॉटलचे मत मी सेमिनरीत परीक्षेपुरते पाठ केले. गेल्या नाताळात आपल्यातील एका दृष्टिहीन तरुणाला मी ब्लँकेट दिले. ते घेऊन तो म्हणाला, “फादर, मला मिस्सामध्ये वाचन कधी देणार? मी ब्रेलमध्ये उतरवून आणतो.” इतकी वर्षे तो पहिल्या बाकावर बसतो. मी त्याला कधी विचारलेच नव्हते. बार्तिमयाला गप्प करणाऱ्या गर्दीत मीही होतो.

येत्या रविवारी पहिले वाचन तो करील. बोटांनी वाचायला थोडा वेळ लागेल. घाई न करता ऐकू या. आणि घरी आजारी, वृद्ध, अपंग कोणी असेल तर त्यांच्यासाठी काही करण्याआधी त्यांना विचारू या: तुम्हाला काय हवे?

प्रभू आपले डोळे उघडो. आमेन.

तुमचा धर्मगुरू