विसर्जनाचा प्रश्न

दिवा फुंकून विझवू नये, असे माझी आजी सांगे. हाताने वारा घालून तो शांत करावा. लहानपणी या शिस्तीचे हसू यायचे. पुढे एका फुंकरीची हकिकत वाचनात आली आणि आजीची आठवण झाली.

१९३० साली अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत टॉमस मिजली या गृहस्थाने एक वायू छातीत भरून घेतला आणि तो सोडून मेणबत्ती विझवली. हा वायू विषारी नाही व पेटही घेत नाही, एवढेच त्याला दाखवायचे होते. हेतू चांगलाच होता. त्या काळच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे घातक वायू असत. ते गळून घरातली माणसे दगावत. मिजली व त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली तयार केलेल्या ‘फ्रिऑन’ने ती भीती दूर केली. हा वायू कशाशीही सहजी संयोग पावत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

त्या गुणातच दोष दडला होता. जे खाली कशानेच मोडत नाही, ते वर वर चढत जाते. उंचावर सूर्याच्या अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो आणि आपल्याला त्याच किरणांपासून जपणारा ओझोन नष्ट करतो, हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ साली दाखवले. १९८७ साली माँट्रियलला राष्ट्रांनी करार केला, आणि ते छत्र आता हळूहळू भरून येत आहे. मिजली मात्र १९४४ सालीच वारला होता.

मग त्याला दोषी म्हणावे काय? याच मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याची युक्ती काढली होती. शिसे विषारी आहे, हे तेव्हाही ठाऊक होते. त्याला स्वतःलाच त्याची बाधा झाली होती, आणि १९२४ साली ते बनवणारे कामगार मेले. तेथे क्षमा नाही. फ्रिऑनची गोष्ट वेगळी. तेथे उत्तर कोणालाच माहीत नव्हते. पण प्रश्न तरी कोणी विचारला होता? ‘हे वापरताना कोणाला अपाय होईल का?’ एवढेच विचारले गेले. ‘काम संपल्यावर हे जाईल कोठे?’ हे विचारायचे राहून गेले. उत्तर न सापडणे हे अज्ञान. प्रश्नच न सुचणे ही मात्र बेफिकिरी, आणि ती आपणा सर्वांचीच आहे.

१९९८ साली अनास्तस व वॉर्नर या रसायनशास्त्रज्ञांनी आपल्या शास्त्रासाठी बारा तत्त्वे मांडली. त्यांतले एक असे, की पदार्थाची रचनाच अशी करावी, की काम झाल्यावर तो निरुपद्रवी घटकांत विघटित व्हावा. वाचताना मला शाडूचा गणपती आठवला. प्राणप्रतिष्ठा करणाऱ्यालाच उत्तरपूजाही ठाऊक असावी लागते. शाडू पाण्यात विरघळून माती होतो. प्लास्टरची मूर्ती मात्र आठवडे उलटले तरी तळाशी हातपाय मोडून पडलेली असते. भक्ती दोन्हीकडे सारखीच. विसर्जनाचा विचार एकीतच होता.

हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. फ्रिऑनच्या जागी आलेले वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. म्हणून २०१६ साली किगालीत राष्ट्रांना पुन्हा एकत्र बसावे लागले.

निर्मितीचा आनंद मोठा, यात शंका नाही. पण आपण घडवलेली वस्तू आपल्यामागे कोणाच्या दारात पडणार, हे पाहणे हा त्या निर्मितीचाच भाग आहे. आजीला ओझोन ठाऊक नव्हता. उजेड देऊन झालेल्या दिव्याचेही आपण काही लागतो, एवढे मात्र तिला पक्के ठाऊक होते.