अर्ध्या ‘र’चा हक्क

‘मानक सोपे असले पाहिजे’ हे वाक्य संगणकक्षेत्रातल्या मंडळींकडून आपण इतक्यांदा ऐकले आहे की सोपे कोणासाठी, हे विचारायचेच राहून जाते. हल्ली त्याला सल्लाही जोडलेला असतो: जोडाक्षरांचा पसारा आवरा, लिपी यंत्राला झेपेल अशी करा. सल्ला जुनाच आहे. सावरकरांनी अ-ची बाराखडी सुचवली तेव्हा निदान छापखान्याची अडचण खरी होती. जुळाऱ्याला शेकडो खिळे हाताळावे लागत. आजच्या यंत्रापुढे तसली कोणतीही अडचण नाही. त्याच्यासाठी लिपी छाटून द्यायला माझा ठाम विरोध आहे.

माझे खरे भांडण आहे ते युनिकोड या मानकाच्या पहिल्या आराखड्याशी. १९८८ साली जो बेकर यांनी तो मांडला. जगातले सगळे लेखन १६ बिटांत बसवायचे, म्हणजे ६५,५३६ जागांत. ते बसेल कशावरून? तर त्या वर्षी जगभर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांत आणि मासिकांत जी अक्षरे दिसतात तेवढीच मोजायची. ती १६,३८४ पेक्षा बरीच कमी भरतील, असा त्यांचा हिशेब होता. चालू वापराला अग्रक्रम आणि जुन्याचे जतन मागाहून, हे धोरण त्यांनी उघडपणे लिहून ठेवले. पेशवे दफ्तरात रुमालच्या रुमाल मोडीत आहेत, पण १९८८ च्या वर्तमानपत्रांत मोडी कुठून असणार? हिशेब टिकला नाही. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत १६ बिटांच्या पलीकडे जाण्याची सोय करावी लागली. मोडीला जागा मिळाली ती थेट २०१४ मध्ये. जपानी फोनवरची इमोजी चित्रे २०१० मध्येच आत आली होती, कारण त्यांच्यामागे मोठ्या कंपन्या होत्या.

देवनागरी पहिल्यापासून आत होती, मग मराठीचे काय अडले? दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे दरीचे अनेकवचन. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी. हिंदीला हा भेद लागत नाही. मराठीला आणि नेपाळीला लागतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘दऱ्या’तला हा अर्धा र लिहायची रीत अशी होती: र, हलन्ताचे चिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. मागाहून दुसरी रीत आली: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. हा ऱ मुळात द्राविडी भाषांतला एक उच्चार देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेला. त्याचे अर्धे रूप मराठीला मिळाले. पहिली रीतही मोडीत काढली नाही, कारण एकदा दिलेली सोय मागे घेतली तर जुना मजकूर बिघडतो. दोन्ही रीतींनी लिहिलेला ‘सातबाऱ्यावर’ कागदावर हुबेहूब एकच दिसतो, पण यंत्राने केलेल्या साध्या तुलनेत ते दोन वेगळे शब्द ठरतात. शिवाय एखाद्या प्रणालीने ते अदृश्य चिन्ह कचरा समजून गाळले, की आचाऱ्यांचे आचार्य होतात. कऱ्हाडे आडनावाचा माणूस यादीत असूनही शोधात सापडत नाही, तेव्हा चूक त्याची नसते, टंकणाऱ्याचीही नसते.

इथपर्यंत आल्यावर वाटते की प्रत्येक अक्षराला, प्रत्येक जोडाक्षराला स्वतंत्र क्रमांक का देऊ नये? तमिळसाठी तशी पद्धत आखली गेली आणि २०१० मध्ये तमिळनाडू सरकारने ती स्वीकारलीही. मलाही हा मार्ग न्यायाचा वाटत असे. पण तमिळची अक्षरे मोजता येतात; मराठीचे काय करणार? ‘कार्त्स्न्य’ या शब्दात एकाच अक्षरात पाच व्यंजने आहेत. उद्या एखादे परदेशी नाव मराठीत आले की आजवर कोणी न लिहिलेले जोडाक्षर तयार होते. ते प्रत्येक वेळी समितीकडून मंजूर करून आणायचे का? दोन व्यंजनांमध्ये हलन्त ठेवला की जोडाक्षर होते, हा एकच नियम ही सारी जोडाक्षरे, झालेली आणि व्हायची, सामावून घेतो. म्हणजे सोपेपणा आणि समावेश यांचे मुळात वैर नाही. इथे तर सोप्या नियमानेच दार उघडे ठेवले आहे. माझा आक्षेप आता त्या नियमावर उरलेला नाही. नियम सोपा ठेवताना जी गुंतागुंत बाहेर ढकलली गेली, ती निस्तरायचे काम कोणावर पडले, यावर आहे.

ते पडले फाँट बनवणाऱ्यांवर, कळफलक बनवणाऱ्यांवर आणि शेवटी टंकणाऱ्यावर. ‘क्षि’ हे वाचणाऱ्याला एकच अक्षर आहे. पण अक्षराची हद्द ठरवणाऱ्या युनिकोडच्या सर्वसाधारण नियमात देवनागरी जोडाक्षर अखंड मानले गेले ते २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. पहिल्या आवृत्तीला तेव्हा ३२ वर्षे झाली होती. मराठी ॲ स्वतंत्रपणे आला २००८ मध्ये. तोवर लोकांनी अ-वर चंद्र ठेवून भागवले, आणि ही दोन्ही रूपेही यंत्र आपणहून एक मानत नाही.

हे दुरुस्त करायला युनिकोडची वाट पाहायची गरज नाही. २००९ साली राज्य शासनाने मराठी वर्णमाला आणि जोडाक्षरांबाबत निर्णय काढला. आता साठवणीचाही निर्णय काढावा: अर्धा र आणि ॲ यांची एकेकच रीत ठरवावी, महसूल खात्याच्या नोंदी, मतदारयाद्या आणि ग्रंथालयांच्या सूच्या तिच्यात आणून घ्याव्यात, आणि जी प्रणाली दोन्ही जुन्या रीतींनी लिहिलेला कऱ्हाडे शोधून देत नाही, तिचे बिल मंजूर करू नये.