दौऱ्यावरचा बँड आणि मागावरचे पोलीस

रॉक बँडच्या दौऱ्यावरचे चित्रपट बहुधा एकाच सुरात लागतात. लांबच लांब रस्ता, गाडीतली दंगामस्ती, रात्रीचे कार्यक्रम, शेवटी टाळ्यांचा कडकडाट. रस्त्यावर आलं की माणूस मोकळा होतो, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. नेड लँडर यांनी दिग्दर्शित केलेला १९८१चा ऑस्ट्रेलियन चित्रपट ‘राँग साइड ऑफ द रोड’ पाहिला की ही मोकळीक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे लख्ख दिसतं.

‘नो फिक्स्ड अ‍ॅड्रेस’ आणि ‘अस मॉब’ हे अ‍ॅबोरिजिनल (मूळनिवासी) तरुणांचे दोन बँड. एकाचा ओढा रेगेकडे, दुसऱ्याचा दणदणीत रॉककडे. अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या अ‍ॅबोरिजिनल संगीत केंद्राशी दोघांचंही नातं. चित्रपटात त्यांच्या प्रवासातले जेमतेम दोन दिवस आहेत. त्या दोन दिवसांत पोलीस कार्यक्रमात येऊन धडकतात, अटक होते, आणि वादक काळे आहेत एवढ्याच कारणावरून ठरलेला कार्यक्रम हातचा जातो. ढोलताशे बडवून सांगावं असं यात काही घडत नाही; त्यांच्यासाठी हे रोजचंच आहे. वादक पडद्यावर स्वतःचीच भूमिका करतात आणि प्रसंगही त्यांच्या आयुष्यातून घेतलेले आहेत. म्हणूनच पोलिसांचा दिवा मागे चमकला की गाडीत जी शांतता पसरते, ती पाठ केलेली वाटत नाही.

मला सगळ्यात जास्त भिडतो तो बँडमधल्या लेसचा धागा. लहानपणीच त्याला गोऱ्या कुटुंबात दत्तक दिलेलं आहे आणि आता तो जन्मदात्या आईचा शोध घेतोय. त्याच्या जन्माची हकिगत सरकारी फायलीत आहे, पण ती त्याच्या हाती लागत नाही. गिटार घेऊन गावोगाव फिरणाऱ्या या तरुणाचा खरा प्रवास तिथे, सरकारी कचेरीतल्या टेबलापाशी अडलेला आहे. रॉकच्या चित्रपटात असा प्रसंग घालायला धाडस लागतं. तो गाळला असता, तर ही मंडळी गातात कशासाठी, हेच कळलं नसतं.

दौऱ्याचा दुसरा नमुनाही आहे. १९८६मध्ये ‘मिडनाइट ऑइल’ हा गोऱ्यांचा नामांकित बँड पापुन्या या मूळनिवासी वस्तीतल्या ‘वारुम्पी बँड’बरोबर दूरदूरच्या अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांमध्ये गेला. त्या दौऱ्यावर ‘ब्लॅकफेला/व्हाइटफेला’ हा माहितीपट आहे. पाहुण्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. त्या दौऱ्यानंतर आलेल्या ‘मिडनाइट ऑइल’च्या ‘डीझेल अँड डस्ट’ या अल्बमने मूळनिवासींच्या जमिनीच्या हक्काचा प्रश्न जगभर पोहोचवला. तरीही वारुम्पीचं काम आधीचं होतं. १९८३मध्येच त्यांनी ‘जैलंगुरू पकार्नू’ हे गाणं लुरिट्जा भाषेत रेकॉर्ड केलं होतं. जगाने मात्र पाहुण्यांचं गाणं उचललं. वस्तीत आलेल्या पाहुण्याच्या नजरेतून वस्ती पाहणं सोपं असतं. लँडर यांच्या चित्रपटात ती सोय नाही. प्रेक्षक पहिल्यापासून त्याच गाडीत बसलेला असतो, आणि गाडी अडवली की तोही अडतो.

लेससारख्या, आईबापांपासून तोडलेल्या मूळनिवासी मुलांबद्दलचा ‘ब्रिंगिंग देम होम’ हा अहवाल १९९७मध्ये आला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत पंतप्रधान केविन रड यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २००८मध्ये. या मुलांबद्दल, म्हणजे ‘चोरलेल्या पिढ्यां’बद्दल, आम्हाला माहीतच नव्हतं, असं त्या काळात अनेकांनी म्हटलं. १९८१मध्ये हा चित्रपट पडद्यावर होता, आणि त्यात लेस आपल्या आईचा पत्ता विचारत होता.