आकडा कोणाचा, अपराध कोणाचा?

उत्तम विक्रेत्याला बढतीचे पत्र मिळते आणि तो आठ-दहा प्रतिनिधींचा प्रमुख होतो. घरी पेढे वाटले जातात. परंतु ज्या गुणांवर तो मोठा झाला तेवढे यापुढे पुरणार नाहीत, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. २०१९ साली बेन्सन, ली व शू या अमेरिकी अभ्यासकांनी सव्वाशेहून अधिक कंपन्यांतील विक्रेत्यांची माहिती तपासून प्रबंध प्रसिद्ध केला. ज्यांची स्वतःची विक्री अधिक त्यांनाच बढती मिळते. मात्र प्रमुख झाल्यावर त्यांच्या हाताखालील माणसांची कामगिरी तुलनेने उणी पडते, असे त्यांना आढळले.

कारण उघड आहे. औषध कंपनीचा नवा प्रतिनिधी डॉक्टरांपुढे अडखळला, की सोबत गेलेला प्रमुख स्वतःच बोलू लागतो. काम होते, पण मुलगा काही शिकत नाही. आपल्याला येणारी गोष्ट दुसऱ्याला त्याच्या गतीने करू देणे हा प्रमुखाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक कठीण आहे आणि तो नीतीचा आहे. वरून टार्गेट येते. प्रमुख ते दहा जणांत वाटतो. महिनाअखेर जवळ येते आणि त्याच्या तोंडून शब्द निघतात, ‘कसेही करा, पण आकडा आणा.’ मग खप नसलेला माल स्टॉकिस्टच्या गोदामात कोंबला जातो आणि पुढल्या महिन्यात परत येतो. खोटे प्रतिनिधीने केले. ‘कसेही’ हा शब्द मात्र कोणाचा?

अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ सेवा बांधण्याचे ध्येय होते. ते गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या संमतीवाचून लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला; तोवर सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकले होते. वरिष्ठांनी आरंभी दोष कर्मचाऱ्यांवरच ठेवला. पुढच्याच महिन्यात बँकेचे प्रमुख जॉन स्टम्फ यांना पायउतार व्हावे लागले आणि २०२० मध्ये त्यांना १.७५ कोटी डॉलर दंड व बँक व्यवसायातून आजीवन बंदी पत्करावी लागली.

कोणी म्हणेल, प्रत्येकाला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. खोटे बोलणाऱ्याने त्याचा जाब द्यावा. हे आम्हांस मान्य आहे. परंतु अपराध ही काही भाकरी नव्हे, की वाटल्याने प्रत्येकाचा वाटा लहान व्हावा. प्रतिनिधीचा दोष पूर्ण राहतो आणि त्याला त्या कोपऱ्यात ढकलणाऱ्याचाही पूर्ण राहतो. ज्याच्या घराचे हप्ते थकले आहेत त्याला नोकरीचे भय दाखवून आकडा मागणे, म्हणजे त्याच्या अडचणीवर आपली बढती उभी करणे होय.

एडवर्ड्स डेमिंग यांनी तर संख्येचे कोटेच काढून टाकावेत, असा सल्ला व्यवस्थापकांना दिला होता. आम्ही इतके पुढे जात नाही. विक्रीतूनच सर्वांचे पगार निघतात, आणि नेमके ध्येय माणसाला शिस्तही लावते. मात्र नव्या प्रमुखाच्या हाती तीन गोष्टी निश्चित आहेत. सोमवारच्या बैठकीत ‘किती?’ या प्रश्नाइतक्याच आस्थेने ‘कसे?’ हेही विचारावे. वाईट बातमी आणणाऱ्याला चारचौघांत झिडकारू नये; नाहीतर पुढच्या वेळी तो खोटी आणील. आणि एखाद्या भागातून आकडा खरोखरच निघण्यासारखा नसेल, तर ते सत्य वरिष्ठांपुढे स्वतः मांडावे.

या तिसऱ्या गोष्टीची किंमत पडते. कदाचित त्या वर्षीची पगारवाढ हुकेल. पण हाताखालच्या माणसांनी पूर्ण केलेल्या आकड्याचे श्रेय जो घेतो, त्याने न निघालेल्या आकड्याचा मारही आधी आपल्या अंगावर घ्यावा. प्रमुखाला अधिक वेतन मिळते ते यासाठीच, असे आम्हांस वाटते.